नोकरीच्या दारातली जात: एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

असोदा म्हटले की खानदेशातल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, बहिणाबाई चौधरींचे माहेर. दुसरी, भरताची वांगी. जळगाव शहर इतके जवळ की इथली मुले सकाळी डबा घेऊन औद्योगिक वसाहतीत, डाळ मिलमध्ये, चटयांच्या कारखान्यात, नाहीतर बाजारातल्या दुकानात कामाला जातात आणि रात्री घरी परततात. जास्त शिकलेली पुण्याची, नाशिकची, सुरतेची वाट धरतात. यांच्यापैकी काहींना नोकरी मिळते, काहींना ‘कळवतो’ असे उत्तर मिळते, आणि पुढे कोणी काही कळवत नाही. ही प्रस्तावना त्या न कळवलेल्या कारणाच्या अभ्यासाची आहे. असोद्यासारख्या गावातून जो कोणी या अभ्यासाकडे वळू पाहतो, त्याच्यासाठी ती लिहिली आहे.

या क्षेत्रातली मूळ अडचण आधी समजून घेतली पाहिजे. नकार मिळालेल्या एकट्या माणसाला भेदभाव सिद्ध करता येत नाही. त्याच्यापेक्षा सरस उमेदवार आला असेल, जागा आधीच भरली असेल, मालकाचा विचार बदलला असेल. काहीही असू शकते. त्याला मनातून खात्री वाटते, पण हातात पुरावा नसतो. घरचेही म्हणतात, जाऊ दे, दुसरीकडे बघू. मात्र असे हजारो नकार शेजारी शेजारी मांडले की त्यांतून एक आकृती दिसू लागते. ती नीट मांडता यावी म्हणून गेल्या काही दशकांत अभ्यासकांनी ज्या युक्त्या शोधल्या, त्यांचेच मिळून हे क्षेत्र झाले आहे.

सर्वांत परिचित युक्ती अर्जांची आहे. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फक्त नाव वेगळे असे अर्ज एकाच जाहिरातीला पाठवायचे आणि कोणाला बोलावणे येते ते मोजायचे. अमेरिकेत बर्ट्रांड आणि मुल्लईनाथन यांनी शिकागो व बोस्टन या शहरांत हे केले. त्यांचा निबंध २००४ साली आला. गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्या अर्जांना कृष्णवर्णीयांच्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली होती. भारतात सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी तीच पद्धत खासगी क्षेत्राला लावली आणि २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त निष्कर्ष मांडले. ६६ आठवडे, ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. पात्रता तीच असताना, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याचे प्रमाण दोन-तृतीयांश भरले, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. इथे मुलाखतसुद्धा झालेली नाही हे ध्यानात घ्या. उमेदवार कसा बोलतो, कसा दिसतो, काम येते की नाही, यातले काहीच कोणी पाहिलेले नव्हते. पाहिले होते ते कागदावरचे नाव.

याच्या उलट बाजूलाही पुरावा आहे आणि प्रामाणिक अभ्यासकाने तो लपवू नये. अभिजित बॅनर्जी, बर्ट्रांड, दत्ता आणि मुल्लईनाथन यांनी दिल्ली परिसरात अशीच चाचणी घेतली. सॉफ्टवेअरच्या जागांमध्ये जातीच्या नावावरून ठळक फरक आढळला नाही. कॉल सेंटरच्या जागांमध्ये आढळला. मला या निष्कर्षात मोठी आशा दिसते. भेदभाव सगळीकडे सारखा नसेल तर तो अटळही नाही. जिथे कौशल्य लगेच तपासता येते तिथे नावाचे वजन कमी होते आणि जिथे बोलण्याची ढब, ‘आपल्यातला’ वाटणे यांना महत्त्व येते तिथे ते वाढते, असे अनुमान त्यावरून करता येते. अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलत वाढलेल्या मुलाला पुण्यातल्या मुलाखतीत तोंड उघडायला जी धास्ती वाटते, तिचा अभ्यास याच अनुमानाशी नेऊन जोडायला हवा.

आता ही युक्ती खानदेशात आणून पाहा. लगेच पंचाईत होते. ‘पाटील’ या आडनावावरून इथे नेमके काय कळते? लेवा, मराठा, गुजर, सगळ्यांत पाटील आहेत. ‘चौधरी’ लेव्यांत आहेत आणि तेल्यांतही. ‘सोनवणे’ तर अनेक समाजांत सापडतात. मग विचारणारा आडनावावर थांबत नाही. गाव कोणते, गावात घर कुठल्या बाजूला, मामाचे आडनाव काय, अशा दोन-तीन प्रश्नांत तो हवे ते काढून घेतो. ‘तडवी’ या नावाची गोष्ट आणखी अवघड आहे. रावेर, यावल, चोपड्याच्या सातपुड्यालगतच्या पट्ट्यातले तडवी भिल्ल आदिवासी आहेत आणि धर्माने मुसलमान. अर्ज चाळणारा माणूस त्यांना कोणत्या रकान्यात टाकतो? की दोन्ही पूर्वग्रह एकाच कागदावर येऊन बसतात? दिल्लीत बसून आखलेल्या चाचणीला हा प्रश्न सुचणार नाही. तो इथल्याच मुलामुलींना सुचेल, आणि म्हणून मला इथले अभ्यासक हवे आहेत.

दुसरी युक्ती मालकांनाच विचारण्याची. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असे सगळ्यांनी सांगितले. आणि उमेदवाराला काय विचारता, असे म्हटल्यावर घरच्या पार्श्वभूमीचा विषय निघाला: वडील काय करतात, भावंडे किती शिकली, कुठले राहणारे. अश्विनी देशपांडे आणि न्यूमन यांनी नोकरीच्या बाजारात उतरणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलून तीच गोष्ट टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिली. या प्रश्नाला एका मुलाकडे अभिमानाचे उत्तर होते. दुसऱ्याला ते कसे द्यावे हेच कळत नव्हते. थोरात-न्यूमन यांनी संपादित केलेल्या ‘ब्लॉक्ड बाय कास्ट’ या २०१० च्या ग्रंथात यातले बरेचसे काम एकत्र वाचायला मिळते. सुरुवात करायची तर तिथून करावी.

पण ‘गुणवत्ता’ कुठून येते, हा प्रश्न मला या सगळ्या आकड्यांपेक्षा खोल वाटतो, आणि त्याचे उत्तर शोधायला खानदेशाबाहेर जावे लागत नाही. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या गाऱ्हाण्यांसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते. ओ. एच. बी. स्टार्ट तिचे अध्यक्ष. तिचा अहवाल १९३० सालचा आहे. धुळ्याकडचे काम आटोपून बाबासाहेब चाळीसगावला उतरले. महारवाड्यातली मंडळी घ्यायला आली होती, पण एकही टांगेवाला त्यांना टांग्यात बसवून हाकायला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी की टांगा भाड्याने देतो, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. वस्तीतल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याने आधी कधी टांगा हाकलेला नव्हता. वाटेत मोटारीशी टक्कर होता होता वाचली आणि पुढे नदीवरच्या मोरीवर चाक कडेच्या दगडावर आदळून टांगा घोड्यासकट नदीत कोसळला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला, कित्येक दिवस अंथरुणात काढावे लागले. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

बॅरिस्टराला टांगा मिळत नाही, हा अपमान वाचकाच्या लगेच मनात भरतो. अभ्यासकाने मात्र लगाम धरणाऱ्या त्या माणसाकडे पाहावे. त्याला टांगा हाकता येत नव्हता, हे अगदी खरे. उद्या कोणी टांगेवाल्याची जागा भरायला निघाला असता आणि निव्वळ गुणवत्ता पाहिली असती, तर त्याला नाकारणे रास्तच ठरले असते. पण त्याच्या वस्तीतल्या कोणाला टांग्याच्या धंद्यात शिरू दिले होते? आधी धंद्याबाहेर ठेवायचे, मग धंदा येत नाही म्हणून बाहेर ठेवायचे. आजच्या मुलाखतीत ‘अनुभव नाही’, ‘इंग्रजी कच्चे आहे’ ही कारणे दिली जातात तेव्हा ती बहुधा खरीच असतात. ती खरी कशी झाली, हे विचारणे आपले काम आहे.

गिरण्यांचा इतिहास याच प्रश्नाचे दुसरे रूप दाखवतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकर खात्याची मजुरी चांगली होती, पण ते खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. कारण धोट्यात होते. नवी कांडी भरली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावे लागे, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले त्याला सवर्ण विणकर तोंड लावायला तयार नव्हते. त्यामुळे ही माणसे कमी मजुरीच्या सूतकताईच्या बाजूला राहिली. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे धरला. म्हणजे दार अडवणारा दर वेळी मालकच असतो असे नाही. सोबत काम करणारा, हक्कांसाठी लढणारा कामगारही ते अडवतो. जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव इथेही गिरण्या होत्या. त्यांत राबलेली म्हातारी माणसे अजून आपल्या घरांत आहेत. कोणत्या खात्यात कोण होते, पाण्याची सोय कोणासाठी कुठे होती, मुलाला चिकटवायला जॉबरची ओळख कोणाची चाले, हे त्यांना आताच विचारून घेतले पाहिजे.

नोकरीचे दार कोणाला उघडायचे आणि कोणाला बंद करायचे, हे सरकारनेही ठरवले आहे. १८२५ साली जेम्स औट्रम यांनी खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली, तिचे ठाणे धरणगाव. बंडखोर म्हणून ज्यांच्यामागे फौज लावली होती त्यांनाच नोकरी दिली, कारण तेव्हा ते राज्यकर्त्यांच्या सोयीचे होते. उलट, पिढ्यान्‌पिढ्या लष्करात असलेल्या महारांची भरती १८९० नंतरच्या काही वर्षांत बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा दाद मागितली, आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले. हे अर्ज म्हणजे आपल्या भाषकांनी नोकरीतल्या भेदभावावर केलेला सुरुवातीचा अभ्यासच आहे. सेवेचा दाखला, तुलना, युक्तिवाद, सगळे त्यांत आहे.

अर्थशास्त्रातले सिद्धान्त मी इथे थोडक्यातच सांगतो, कारण ते पाठ्यपुस्तकांत मिळतात. गॅरी बेकरने १९५७ साली भेदभावाला मालकाची आवड-नावड मानून मांडणी केली. फेल्प्स आणि ॲरो यांनी पुढे दाखवले की द्वेष नसला तरी अपुऱ्या माहितीमुळे मालक माणसाला त्याच्या गटावरून जोखतो. अकर्लोफने १९७६ साली विचारले की ज्यांना जात मनापासून मान्य नाही तेही ती का पाळतात, आणि बहिष्काराच्या भीतीत उत्तर शोधले. यातल्या कशालाही कमी न लेखता मी म्हणेन की, १९३६ साली बाबासाहेबांनी जातीने कामेच नव्हे तर काम करणारी माणसेही कशी वेगळी आणि वरखाली लावली, हे जे दाखवले, ते या चौघांच्या आधीचे आहे आणि आपल्या जमिनीला अधिक लागू आहे.

जिथे अर्जच नसतो तिथे काय करायचे, हे काम मात्र अजून बरेचसे उघडे आहे. आपल्याकडे सालदाराचे साल आखाजीला बदलते. बोली तोंडी होते, कागद नसतो. कोणाला सालावर ठेवतात, कोणाला फक्त रोजाने बोलावतात, गोठ्यात दूध काढायला कोणाला घेतात? धुळे-नंदुरबारकडची भिल्ल कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिथे नकार हा प्रश्न नाही; सगळ्यांत कष्टाच्या कामासाठी त्यांनाच शोधत येतात, हा प्रश्न आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांवर गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का होता, त्या पारध्यांना १९५२ साली तो शिक्का उठल्यावरही गावात राखणीचे काम कोणी विश्वासाने देते का? आणि आरक्षित जागेपर्यंत पोहोचायलाही दाखला लागतो: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ या तारखांच्या आधीच्या वास्तव्याचा आधार. ज्याचा आजा पाल ठोकत फिरला त्याने हा कागद कुठून आणायचा?

कायद्याची बाजू कच्ची आहे आणि ते स्पष्ट सांगायला हवे. संविधानाचा सोळावा अनुच्छेद सरकारी नोकरीत जात, धर्म, वंश, जन्मस्थान यांवरून भेदभाव करू देत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा १११ क्रमांकाचा करार भारताने १९६० साली मान्य केला. तरी खासगी कंपनीने आडनाव पाहून अर्ज बाजूला ठेवला, तर उमेदवाराला दाद मागता येईल असा सर्वसाधारण कायदा देशात नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा फौजदारी आहेत. न आलेल्या बोलावण्याचा हेतू फौजदारी खटल्यात सिद्ध करणे जवळपास अशक्य. दिवाणी स्वरूपाचा, कंपनीला भरतीची आकडेवारी मांडायला लावणारा कायदा हवा, असे माझे ठाम मत आहे.

तुम्ही या क्षेत्रात या. पदवी नसेल तरी या. पुढच्या वेळी मुलाखतीला जाल तेव्हा बाहेर पडल्यावर तारीख, जागा कोणती, किती उमेदवार होते आणि तुम्हाला काय काय विचारले, हे त्याच शब्दांत वहीत उतरवा. मित्राला, बहिणीला, शेजारच्या वस्तीतल्या मुलालाही उतरवायला सांगा. नोकरी मिळाली तरी लिहा, कारण तुलनेला दोन्ही लागतात. आणि वाचक स्वतः मालक असेल, दुकानात चार माणसे कामाला ठेवत असेल, तर त्याने गेल्या पाच वर्षांत कोणाला घेतले आणि कोणाला परत पाठवले याची यादी एकदा कागदावर करून पाहावी.