शॉवरच्या मानेतली चकती

ऑक्टोबर १९९२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी ऊर्जा धोरण कायद्यावर सही केली आणि कायदा थेट न्हाणीघरात पोचला. १९९४ पासून नव्या शॉवरला मिनिटाला २.५ गॅलनची, म्हणजे साधारण ९.५ लिटरची मर्यादा आली.

पाण्याची गोष्ट ऊर्जेच्या कायद्यात कशी? अंघोळीचे पाणी तापवावे लागते; ते कमी लागले की पाणपट्टीबरोबर गॅस-विजेचे बिलही उतरते. ही दुहेरी बचत हेरणाऱ्यांचे मनापासून कौतुक करायला हवे.

करामत मात्र एवढीशी: शॉवरच्या मानेत बारीक भोकाची प्लास्टिकची चकती. धार मरतुकडी झाली म्हणून कित्येकांनी ती पिनेने उचकटून काढली. मग पाण्यात हवा मिसळणारे शॉवर आले.

कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये मर्यादा १.८ गॅलनवर आणली.