नगरच्या कॉलेज फुटबॉलचा इतिहास लिहिलाय तरी कुठे?

पावसाळा सरत आला की नगरच्या पेपरांत एक चौकोनी बातमी येते. आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धा उत्साहात, उद्घाटन प्राचार्यांच्या हस्ते, विजेता अमुक, उपविजेता तमुक. आता तुम्हीच कुणाला तरी विचारून बघा की गेल्या दहा वर्षांतले विजेते कोण. ज्या कॉलेजने कप नेला त्याच कॉलेजच्या मुलांनाही सांगता येईल असं नाही.

अमेरिकेत याच दर्जाच्या स्पर्धेचा इतिहास कसा जपतात ते बघितलं की आपल्याकडची गंमत कळते. तिथे शेजारपाजारच्या विद्यापीठांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सची पुरुष फुटबॉलची स्पर्धा १९८७ साली सुरू झाली. कप जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा. राष्ट्रीय स्पर्धा १९५९ पासूनची, आणि या स्पर्धांचे वर्षवार निकाल आजही कुणालाही बघायला मिळतात. त्या १९८७ सालचीच एक गोष्ट आहे. गटाचा कप नॉर्थ कॅरोलायनाने नेला. क्लेम्सन हरलं होतं, पण निवड समितीने त्याला दुसऱ्या दाराने राष्ट्रीय स्पर्धेत घेतलं, आणि शेवटी देशाचं विजेतेपद क्लेम्सनकडे गेलं. ही गोष्ट आज सांगता येते ती कुणीतरी लिहून ठेवली म्हणून.

आपल्याकडेही रचना आहे, आणि ती जुनी आहे. सगळ्या विद्यापीठांचं मिळून इंटर युनिव्हर्सिटी बोर्ड १९२५ साली झालं, पुढे १९७३ मध्ये त्याचं नाव भारतीय विद्यापीठ संघ झालं. त्याची पुरुषांची फुटबॉल स्पर्धा १९४१ पासून चालू आहे, ट्रॉफी सर आशुतोष मुखर्जींच्या नावाची. मुखर्जी कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. नाव बंगाल्याचं असणं साहजिकच, कारण कलकत्त्यात कॉलेजच्या पोरांचा फुटबॉल एकोणिसाव्या शतकातच मुरला होता. खास कॉलेजांसाठीची इलियट शील्ड तिथलीच. आपल्या मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स कप होता, पण तो सुरुवातीची कित्येक वर्षं गोऱ्या पलटणींचा मामला. पहिला भारतीय विजेता १९३७ साली झाला, बंगलोर मुस्लिम्स.

नगर तर पहिल्यापासून छावणीचं गाव. १८०३ साली वेलस्लीने किल्ला घेतला तेव्हापासून इथे इंग्रजी फौज होती. स्वातंत्र्यानंतर रणगाड्यांचं आर्मर्ड कोअर सेंटर आलं, नंतर मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं. पलटण असेल तिथे फुटबॉल असतोच. कॉलेज मात्र उशिरा आलं. डॉ. भा. पां. हिवाळ्यांनी १९४७ साली अहमदनगर कॉलेज काढलं तेव्हा ते मुंबई विद्यापीठाखाली होतं. १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ झालं आणि नगर तिकडे गेलं.

इथे थोडं थांबू, कारण पुढचं सगळं या हद्दींवर अवलंबून आहे. सुरुवातीचं पुणे विद्यापीठ बारा जिल्ह्यांचं होतं, खानदेशापासून कोल्हापूरपर्यंत. विद्यापीठाचा संघ एकच. म्हणजे नगरच्या पोराला त्यात जागा हवी असेल तर स्पर्धा कोल्हापूरच्या पोरांशी. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेची आणि तालमीची इज्जत! पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, ही नावं उच्चारली तरी तिथे आजही वाद पेटतो. १८ नोव्हेंबर १९६२ ला शिवाजी विद्यापीठ झालं आणि कोल्हापूर वेगळं निघालं. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, धुळे-जळगाव गेले. उरले तीन जिल्हे : पुणे, नगर, नाशिक. कागदावर बघितलं तर नगरच्या खेळाडूची संधी दोनदा वाढली. प्रत्यक्षात पुणे शहर होतंच की. तिथे मणिपूर, मिझोराम, गोवा, केरळ इथून शिकायला आलेली मुलं खेळतात, आणि त्यांच्या पायात फुटबॉल लहानपणापासून असतो.

आजची शिडी अशी आहे. आधी जिल्हा विभागाची स्पर्धा, बहुधा बाद पद्धतीची. त्यातून विभागाचा संघ निवडायचा. मग पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक अशी आंतरविभागीय स्पर्धा. तिच्यातून विद्यापीठाचा संघ. तो पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा इथल्या विद्यापीठांशी खेळणार. चार विभागांतले चार-चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा सुरू झाली, तिचं दारही याच वाटेवर आहे. रेल्वेच्या खेळाडू भरतीत अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतली कामगिरी मोजतात. मुलं कपासाठी खेळतात हे खरं, पण घरच्यांना कळतं ते सर्टिफिकेट.

अमेरिकेत विद्यापीठाचा संघ संघ म्हणूनच वर चढतो. तीच पोरं, तोच गुरुजी, तीच जर्सी. आपल्याकडे कॉलेजचा संघ जिल्ह्यातच संपतो. कप जिंकला तरी पुढे संघ जात नाही, त्यातले चार-दोन खेळाडू जातात. श्रीरामपूरचं एखादं कॉलेज तीन वर्षं मेहनत करून चांगला संघ बांधेल, पण त्या संघाची परीक्षा नगर जिल्ह्याबाहेर कधी होतच नाही. मग संघ बांधायचा कशाला? स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात अकरा पोरं गोळा केली तरी भागतं, आणि बऱ्याच ठिकाणी तसंच भागवतात. याला कॉलेजच्या क्रीडा संचालकांचा आळस म्हणणं सोपं आहे. मला तो रचनेचा दोष वाटतो.

दुसरी गोष्ट बाद पद्धतीची. आपला जिल्हा राज्यात सगळ्यात मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर, तालुके चौदा. अकोल्याच्या पोरांनी पहाटेची एसटी धरून शंभरावर किलोमीटर नगरला यायचं, दुपारी चिखलात एक मॅच खेळायची, हरले की वर्ष संपलं. पुढचा सामना पुढच्या पावसाळ्यात. एका मॅचमध्ये निवड समितीला तरी काय दिसणार?

त्यातही जिल्ह्यातले खेळाडू एका झेंड्याखाली नाहीत. कृषीची मुलं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची. विळद घाटातलं मेडिकल कॉलेज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली. लोणीची प्रवरा वैद्यकीय संस्था २००३ पासून अभिमत विद्यापीठ, म्हणजे तिला स्वतःचा संघ थेट पश्चिम विभागात उतरवता येतो. तिथून काही मैलांवरच्या कला-वाणिज्य कॉलेजच्या पोराला त्याच मैदानात पोचायला जिल्हा आणि आंतरविभागीय अशा दोन चाळण्या पार कराव्या लागतात. लोणीच्या मुलांचा यात काही दोष नाही, नियमच तसा आहे. पण 'नगरचा सगळ्यात चांगला कॉलेज संघ कोणता' हा साधा प्रश्न मैदानावर कधी सुटतच नाही. आणि जो प्रश्न सुटत नाही त्याचा इतिहास कुठून होणार?

करता येण्याजोगं काय आहे? एक, जिल्हा विभागात चार-चार संघांचे गट करून आधी साखळी सामने घ्यावेत, उत्तरेचे संगमनेर-कोपरगावकडे आणि दक्षिणेचे नगरला. प्रवास कमी, आणि प्रत्येक संघाला किमान तीन मॅचेस. दोन, जिल्हा विजेत्या कॉलेजचा संघ जसाच्या तसा नाशिक आणि पुण्याच्या विजेत्यांशी खेळवावा. विद्यापीठाचा संघ निवडायचा तो तिथेच बसून निवडा. तीन, विद्यापीठाच्या चारही विभागांनी सर्व खेळांचे वर्षवार निकाल संकेतस्थळावर टाकावेत. याला पैसा लागत नाही, एक कारकून आणि दोन दुपारी लागतात.

जुना इतिहास कुठे सापडेल याचाही अंदाज आहे. कॉलेजांच्या वार्षिक अंकांत शेवटी जिमखान्याचा अहवाल असतो, तो कुणीच वाचत नाही. 'फुटबॉल संघ विभागीय उपविजेता, दोघांची विद्यापीठ संघात निवड', एवढी एक ओळ. अशा ओळी अहमदनगर कॉलेज, सारडा, न्यू आर्ट्स, संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर इथल्या लायब्ररीतून जमवल्या तर साठ-सत्तर वर्षांची यादी उभी राहू शकते. तुमच्या माळ्यावर असा अंक असेल तर त्या पानाचा फोटो काढून पाठवा, वर्ष आणि कॉलेजचं नाव दिसेल असा. संघाचा ग्रुप फोटो असेल तर उत्तमच, फक्त मागच्या रांगेत उभ्या असलेल्यांची नावंही लिहा.