एरंडेल पिणारा ड्रम

रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीत माझा जन्म फिटरकीत गेला, त्यामुळे वाद्य दिसलं की हात आधी त्याच्या नटांकडे जातो. गणपतीत आमच्या मंडळाचा ड्रमसेट मीच जुळवायचो. समोरासमोरचे नट अर्धा-अर्धा फेरा आवळायचे, कडेकडेने टिचक्या मारत जायचं. सगळीकडे एकच सूर निघाला की पडदा बसला. शेजारच्या बीरगावात पहिल्यांदा लग्नाचा गंडवा बाजा जवळून पाहिला, तेव्हा पाना खिशातच राहिला. नट नव्हताच कुठे.

आपल्या मराठीत निशाण म्हणजे झेंडा. इथे निसान म्हणजे ड्रम. त्यालाच गुदुमही म्हणतात. लोखंडी कढई, तिच्यावर जाड कातडं, दोरीने खेचून आवळलेलं. कढईच्या बुडाला भोक. वाजवणारा, म्हणजे निशनहा, मध्येच त्यातला चिंधीचा बोळा काढतो, एरंडेल सोडतो आणि बोळा परत कोंबतो. तेल प्यायलेलं कातडं जड होतं, आवाज खर्जात उतरतो. बठेना, म्हणजे टिपरू, टायरच्या तुकड्याचा. रबर ठोक्याची टकटक गिळतं, घुमारा तेवढा राहतो. ड्रमसेटच्या बेसच्या टिपरूला नमद्याचा गोळा लावतात, तो याचसाठी. शिवाय निसानावर बारशिंग्याची शिंगं बसवतात. त्यांचा आवाजाशी काडीचा संबंध नाही, पण ‘सिंगबाजा’ हे नाव त्यांच्यामुळेच.

याच बाजातला दफडा लाकडी कड्याचा, खांद्याला अडकवलेला. एक बठेना जाड, एक बारीक, म्हणून एकाच कातड्यातून दोन आवाज. टिमकी छोटी, तिखट. वरून मोहरी या फुंकून वाजवायच्या वाद्याचा सूर.

हे सगळं एकट्याने का वाजवू नये? अमेरिकेतल्या नाटकगृहांतही पूर्वी बेसला एक आणि स्नेअरला एक माणूस लागे. १९०९ साली शिकागोच्या लुडविग बंधूंनी पायाने मारायचं चांगलं पेडल काढलं आणि एकाच बसलेल्या माणसावर काम भागू लागलं. पण पेडलला जमीन लागते, आणि आमची वरात चालते. इथे पायाचं काम शेजारचा माणूस करतो. या वाजवणाऱ्यांशिवाय लग्न लागत नसे, पंगतीत मात्र त्यांना जागा नसे, हेही या बाजाच्या इतिहासात लिहायला हवं.

आता रायपूरचा धुमाल, म्हणजे वरातीचा नवा बाजा, गाडीवरून वाजतो, आणि कातड्याच्या जागी प्लास्टिक आलं आहे. १९५७च्या सुमारास अमेरिकेतून बाजारात आलेला प्लास्टिकचा पडदा पावसात ढिला पडत नाही, कातडं मात्र शेकावं लागतं. फिटर म्हणून मला तो पडदा मान्य आहे. कानाला नाही.

फाल्गुनात रायपूरच्या कालीबाडी चौकात मातीच्या नगाऱ्यांच्या जोड्या विकायला येतात. एक ‘ठिन’ बोलतो, दुसरा ‘गद’. घ्यायला गेलात तर दोन्ही वाजवून बघा. दोन्हींच्या आवाजात फरक नसेल, तर जोडी खाली ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.