तोल आणि ओल

व्यवहारातील कित्येक अन्याय उघड्या लबाडीतून नव्हे, तर न मोजलेल्या गोष्टींतून उद्भवतात. नांदेड जिल्ह्यातील उमरीच्या बाजारात कापूस घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास हे निराळे शिकवावयास नको. मूठभर कापूस दाबून खरेदीदाराने ‘माल ओला आहे’ असे म्हटले, की भाव उतरलाच! सरकारी खरेदीत ओलाव्याचे प्रमाण 8 टक्के धरलेले असते व ते यंत्राने पाहतात; परंतु जेथे यंत्र नाही तेथे घेणाऱ्याचा हात हाच कायदा. जी गोष्ट कापसाची तीच औषधी द्रव्यांची. किंबहुना तेथे ती अधिक गंभीर होय. कारण तेथे ओलीच्या हिशेबात पैशाबरोबर रोग्याचे प्राणही गुंतलेले असतात.

मंद आचेची विद्या आपणांस नवी नाही. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात दोलायंत्र, स्वेदनीयंत्र, वालुकायंत्र इत्यादिकांची वर्णने आहेत. पश्चिमेकडे पाण्यात भांडे ठेवून तापविण्याच्या रीतीस मारिया नामक एका प्राचीन किमयागार स्त्रीचे नाव चिकटले आहे. या रीतीतील मर्म साधेच आहे. उघड्या भांड्यातील पाणी एकदा उकळू लागले, म्हणजे चुलीत कितीही लाकडे सारली तरी त्याचे उष्णतामान 100 अंशांपलीकडे जात नाही. त्यामुळे वर ठेवलेली वस्तू करपत नाही. तिच्यातील पाणी मात्र हळूहळू उडून जाते. परंतु आपल्या रसवैद्यांचा हेतू द्रव्याचे शोधन व पाक हा होता. वस्तू आधी तोलावी, मंद उष्णतेवर सुकवावी, पुन्हा तोलावी, आणि दोन तोलांत फरक पडेनासा होईपर्यंत हाच क्रम चालवावा, ही अर्वाचीन रसायनशास्त्राची शिस्त होय.

या शिस्तीचा हिंदुस्थानातील मोठा प्रयोग झाला तो अफूवर. गाझीपूरच्या सरकारी कारखान्यात 19 व्या शतकात शेतकऱ्यांकडून येणाऱ्या अफूतून नमुना काढीत, तो तोलून वाफेने तापविलेल्या पत्र्यावर सुकवीत, आणि उरलेल्या घन भागावरून मालाचे ‘अंश’ ठरवीत. 100 भागांत 70 भाग घन व 30 भाग पाणी, हे प्रमाण. एखाद्याची 10 शेर अफू 63 अंशांची निघाली, तर 70 अंशांच्या हिशेबाने ती 9 शेरच भरावयाची. पाण्याचे पैसे सरकार देणार नाही, हे न्याय्यच होते. पण भाव ठरविणारे सरकार, आगाऊ रक्कम देऊन शेतकऱ्यास बांधून घेणारे सरकार, आणि तराजू धरणारेही सरकारच! तोल अचूक असला म्हणजे व्यवहार न्याय्य होतोच असे नाही, हा धडा गाझीपूरने कायमचा देऊन ठेवला आहे.

माळव्यात, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखात, प्रकार निराळा होता. तेथे मक्तेदारी नव्हती. अफू सावकार व व्यापारी यांच्या हाती असे. 1830 नंतर मुंबईस जाणाऱ्या मालावर इंग्रजांनी पेटीमागे परवान्याचा कर बसविला. पेटीवरच कर भरावयाचा, तर तीत पाणी कोण नेईल? माळव्याची अफू बंगालच्या अफूपेक्षा पुष्कळच सुकी असे, याचे एक कारण या हिशेबात सापडते. त्याच मुलखातील मंदसौर व नीमच येथे आजही परवान्याने अफू पिकते, आणि तिचे वजन अद्याप 70 अंशांवरच धरतात.

औषधांच्या बाबतीत तर ओल हा मात्रेचाच प्रश्न आहे. क्विनीन सल्फेटच्या स्फटिकांत सुमारे 15 टक्के पाणी असते. बाटली उघडी राहिली तर ते उडून जाते, आणि मग तितक्याच वजनाच्या पुडीत औषध अधिक जाते. उलट हवेतील दमटपणा ओढून घेणारे द्रव्य तोलास जड, पण गुणास हलके ठरते. सुकविण्याच्या रीतीसही मर्यादा आहेतच. ओवा किंवा लवंग तापविली तर पाण्याबरोबर सुगंधी तेलही उडते, व घटलेले सारे वजन पाण्याच्या खाती मांडणे चुकीचे होते. म्हणूनच 1935 साली कार्ल फिशर याने केवळ पाण्याशीच हिशेब करणारी रासायनिक रीत दिली, तिचे महत्त्व मोठे आहे.

आपल्या देशात औषधांच्या भेसळीची चौकशी 1930-31 साली चोप्रा समितीने केली, 1940 साली औषधांचा कायदा झाला, आणि स्वतंत्र भारताचा औषधिकोश 1955 साली निघाला. सुकविल्यावर घटणारे वजन हे अशा कोशांत आता अनेक द्रव्यांचे आवश्यक लक्षण म्हणून नोंदलेले असते. वाचकांस ही नोंद क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या अंकाची पडताळणी देणारा व घेणारा दोघेही करू शकतात, तोच अंक दुर्बळाच्या उपयोगी पडतो. एका पक्षाच्या हाती राहिलेला अचूक तराजूसुद्धा, शेवटी, त्या पक्षाचाच असतो.