कंपाचे वतन

ज्या वाद्याचा जन्म एखाद्या ऋषीच्या, देवतेच्या किंवा निदान एखाद्या राजाच्या नावावर चढविता येत नाही, त्याचे कुळ सांगायला बसणे हे आपल्याकडे थोडे धार्ष्ट्याचेच काम. आणि व्हायब्रफोनची हकीकत तर अशी की, अमेरिकेतील इंडियानापोलिस या शहरी, लीडी नावाच्या तालवाद्यांच्या कारखान्यात, पगारी कारागिरांच्या हातून तो घडला आणि त्याचे बारसे कारखान्याच्या विक्रीखात्याचे काम पाहणाऱ्या जॉर्ज वे याने केले. एवढ्या तुटपुंज्या दाखल्यावर कोणी भाट पोवाडा रचणार नाही. तरीही या वाद्याला कुळ आहे. मात्र ते नावावरून शोधून भागत नाही, त्याच्या सुरातला कंप हाती धरून मागे जावे लागते.

प्रथम वस्तू डोळ्यांसमोर आणू. हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या स्वरांप्रमाणे दोन ओळींत मांडलेल्या धातूच्या सदतीस पट्ट्या, म्हणजे तीन सप्तके. प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांपासून शेकडा बावीस भागांवर, म्हणजे जेथे ती कंप पावत असतानाही स्वतः निश्चल असते त्या बिंदूंवर, दोरीने तोललेली. आणि प्रत्येक पट्टीखाली तळाशी बंद अशी नळी, जिची लांबी त्या स्वराच्या तरंगाच्या चतुर्थांशाएवढी, त्यामुळे सर्वांत खालच्या स्वराची नळी सुमारे अर्धा मीटर भरते. समोरून या नळ्यांची जी देखणी कमान दिसते तिच्यातील बराच भाग निव्वळ शोभेचा असतो, कारण नळी बाहेरून लांब दिसली तरी आत मध्येच बुजवलेली असते. कारखानदाराला नाटकगृहातल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांचीही काळजी घ्यावी लागते! खरी करामत नळ्यांच्या तोंडाशी आहे. तेथे एका दांड्यावर बसविलेल्या चकत्या मोटारीने फिरतात, नळीचे तोंड आळीपाळीने झाकतात आणि उघडतात, आणि आघाताने उमटलेला स्वर विरत असता लहान-मोठा होत राहतो. श्रुती ढळत नाही, केवळ आवाज हेलकावतो. म्हणून आपल्या अर्थाने हे आंदोलन नव्हे, आणि मींड तर या वाद्यातून सहजासहजी निघत नाही. पण कान फसतो, आणि फसून सुखावतो.

आता मागे जाऊ. चौदाव्या शतकात दिल्लीत महंमद तुघलकाच्या पदरी काझी असलेला, आपल्या दौलताबादेत येऊन तेथील गाणाऱ्यांच्या तरबाबाद नावाच्या बाजाराचे वर्णन लिहून ठेवणारा मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता पुढे १३५२ साली पश्चिम आफ्रिकेतील मालीच्या दरबारी पोहोचला, तेव्हा त्याने बोरूंचे केलेले, खाली लहान भोपळे बांधलेले आणि काठ्यांनी वाजविले जाणारे एक वाद्य पाहिले. हे बालाफोन. गिनी देशातील न्यागासोला या खेड्यात सोसो-बाला नावाचे वीस पट्ट्यांचे एक बालाफोन आजही जपलेले आहे. तेराव्या शतकातील सुमाओरो कांते या राजाचे ते होते अशी परंपरा सांगते, आणि त्याची राखण कुयाते घराण्याकडे वतनासारखी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आमच्या देवस्थानच्या पुजाऱ्यांना हा मामला समजावून सांगावा लागणार नाही.

या वाद्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पट्टीखालच्या भोपळ्याला भोक पाडून त्यावर कोळ्याच्या अंड्यांच्या कोशाचे पातळ पटल चिकटवतात, आणि पट्टी वाजली की ते पटल गुणगुणते. स्वराबरोबर हा जो खरखरीत गुंजारव येतो तो दोष नसून हेतुपुरःसर आणलेला अलंकार आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावणाऱ्या आपल्या लोकांना त्यात काही नवल वाटू नये. अटलांटिक ओलांडून हीच कल्पना मध्य अमेरिकेत रुजली. ग्वाटेमालाच्या मारिंब्यात भोपळ्यांच्या जागी लाकडी नळ्या आल्या आणि कोळ्याच्या पटलाच्या जागी डुकराच्या आतड्याचे, पण गुंजारव टिकला. विसाव्या शतकाच्या आरंभी शिकागोच्या डीगन कंपनीने आणि इंडियानापोलिसच्या लीडीने मारिंबा कारखान्यात करावयास घेतला, तेव्हा मात्र धातूच्या नळ्या बसवून, स्वर नीट मिळवून, ही गुणगुण मळ समजून धुऊन काढली गेली.

आणि मग गंमत पाहा. स्वर स्वच्छ झाला न झाला तोच हर्मन विंटरहॉफ नावाचा लीडीचा कारागीर १९१६ च्या सुमारास त्याला पुन्हा थरथर कशी आणावी या विवंचनेत पडला! ऑर्गनमध्ये मानवी कंठाचा आभास निर्माण करणारी एक योजना असते, तसला परिणाम त्याला धातूच्या पट्ट्यांतून हवा होता, आणि मोटार व चकत्यांच्या साहाय्याने तो १९२२ च्या आसपास साधला. लुई फ्रँक चीहा या रंगमंचीय वादकाने १९२४ साली या नव्या वाद्यावर ‘अलोहा ओए’ हे हवाईचे गीत ध्वनिमुद्रित केले, तेव्हा ते केवळ करमणुकीच्या खेळातले एक नवलाईचे खेळणे होते. १९२७ साली डीगनच्या हेन्री श्लूटरने पोलादाऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पट्ट्या घेतल्या आणि पियानोप्रमाणे स्वर आवरण्यासाठी पायाचे पेडल जोडले. पुढे लीडीनेही हीच घडण उचलली. आज आपण जे पाहतो ते रूप श्लूटरचे, नाव मात्र लीडीचे.

जॅझमध्ये या वाद्याचा प्रवेश झाला तो १६ ऑक्टोबर १९३० रोजी, लॉस एंजेलिस येथे. लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रणासाठी ढोल वाजवायला आलेल्या लायनेल हॅम्पटनने स्टुडिओच्या कोपऱ्यात पडलेले हे यंत्र हाताशी घेतले आणि ‘मेमरीज ऑफ यू’च्या आरंभी त्यावर चार सूर वाजविले. १९३६ पासून बेनी गुडमनच्या चौकडीत तो ते वाजवू लागला आणि खेळण्याचे वाद्य झाले. हॅम्पटनची मोटार सेकंदाला सुमारे दहा फेरे घेई, त्यामुळे त्याचा स्वर सदैव उत्तेजित. पुढे मिल्ट जॅक्सनने ती तीन-सव्वातीन फेऱ्यांपर्यंत उतरवली आणि त्याच पट्ट्यांतून विलंबित, निःश्वासासारखा नाद निघू लागला. गॅरी बर्टनने चार काठ्या हाती घेतल्या व मोटार बहुधा बंदच ठेवली. तेव्हा या वाद्यातील घराणी ओळखायची तर मोटारीच्या वेगावरून ओळखावीत, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

आता ज्याच्यासाठी हे कुळ सांगितले त्या वादकाकडे, रॉय एअर्सकडे, येऊ. त्याचा जन्म त्याच लॉस एंजेलिसात, १० सप्टेंबर १९४० रोजी. आई पियानो शिकवी, वडील ट्रॉम्बोन वाजवीत. पाच वर्षांचा असताना आईबापांनी त्याला हॅम्पटनच्या जलशाला नेले, आणि प्रेक्षकांतून फिरत असलेल्या हॅम्पटनने आनंदाने उड्या मारणाऱ्या या पोराच्या हाती आपल्या काठ्यांची जोडी ठेवली. ही आख्यायिका एअर्सने जन्मभर सांगितली. सनद हाती आली तरी वतन ताब्यात यायला काळ लागतोच; प्रत्यक्ष वाद्य आईवडिलांकडून मिळाले ते सतराव्या वर्षी. पहिली तबकडी ‘वेस्ट कोस्ट व्हाइब्ज’ १९६३ ची. तीत तो शुद्ध, सालस जॅझवादक आहे, आणि खरे सांगायचे तर तेवढ्यावर थांबता तर आज त्याच्याविषयी लिहिण्याचे प्रयोजन पडले नसते. त्याच शहरात त्याच्याहून काही महिन्यांनी लहान असलेला बॉबी हचरसन त्या वाटेवर त्याच्यापुढे निघून गेला होता.

१९६६ साली तो बासरीवादक हर्बी मॅनच्या संचात शिरला आणि तेथे चार वर्षे राहिला. मॅनने त्याला मेम्फिसच्या स्टुडिओत नेऊन ‘मेम्फिस अंडरग्राउंड’मध्ये वाजवायला लावले, आणि ठेक्यावर वाजविणे म्हणजे कमीपणा नव्हे हा धडा एअर्सने बहुधा तेथेच गिरवला. १९७० मध्ये स्वतःचा संच काढताना त्याने नाव निवडले ‘यूबिक्विटी’, अर्थात सर्वव्यापित्व. पॉलिडॉर कंपनीसाठी त्या दशकात त्याने दहाहून अधिक तबकड्या काढल्या. १९७३ मध्ये पॅम ग्रियर या अभिनेत्रीच्या ‘कॉफी’ या चित्रपटाचे संगीत दिले. जॅझच्या सोवळ्या रसिकांनी नाके मुरडली. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, कारण त्या ढिगात फोलपटही पुष्कळ आहे.

परंतु १९७६ चे ‘एव्हरीबडी लव्हज द सनशाइन’ ऐकावे. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत मुद्रित झालेल्या या गीतात शब्द मूठभर, चाल जवळजवळ जागची हलत नाही, सिंथेसायझरचा एक लांब स्वर दुपारच्या उन्हासारखा वर पसरलेला; आणि ज्याच्या नावाने तबकडी खपते तो व्हायब्रफोन कोठे आहे म्हणाल, तर आत कोठेतरी, तुरळक, झळ लागून हवा हलावी तसा. विंटरहॉफने जो कंप एका पट्टीखालच्या नळीत कोंडला होता तो एअर्सने सोडून सगळ्या संचात पसरू दिला. वादकाने स्वतःच्या वाद्याला सिंहासनावरून उतरवून हवेत विरघळू द्यावे, याला मी औदार्य म्हणतो. दुसरा कोणी आळस म्हणेल.

१९७९ मध्ये तो नायजेरियात तेथील संगीतकार फेला कुटीबरोबर दौऱ्यावर गेला आणि दोघांची ‘म्यूझिक ऑफ मेनी कलर्स’ ही तबकडी पुढील वर्षी निघाली. वाद्य आपल्या आजोळी परतले असे लिहिण्याचा मोह येथे लेखकाला होतो. पण बालाफोनचा मुलूख माली-गिनीचा, लेगॉसपासून बराच दूर, आणि नुसत्या खंडाच्या नावावर नाते जोडणे म्हणजे पुण्याच्या सोयरिकीचा पुरावा मदुरेच्या दप्तरात शोधणे.

‘यूबिक्विटी’ हे नाव सार्थ झाले ते त्यानंतर आणि एअर्सच्या हाताबाहेर. हिपहॉपच्या मंडळींनी जुन्या तबकड्यांतले तुकडे कापून त्यांवर नवी गीते बेतण्याची वहिवाट पाडली, आणि एअर्सच्या कोठारावर त्यांची धाड पडली. गायिका मेरी जे. ब्लाइजच्या १९९४ च्या ‘माय लाइफ’खाली तेच उन्हाचे गीत वाहते, १९७७ साली ‘रॅम्प’ या संचासाठी त्याने तयार केलेले ‘डेलाइट’ १९९० मध्ये ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’च्या ‘बोनिटा ॲपलबम’मध्ये उगवले. त्याने या धाडीला चोरी मानले नाही. १९९३ मध्ये ‘गुरू’ नावाच्या रॅपरच्या ‘जॅझमॅटॅझ’साठी तो स्वतः काठ्या घेऊन गेला, २००० मध्ये गायिका एरिका बाडूच्या ‘क्लेव्हा’त त्याने व्हायब्रफोन वाजविला, आणि ऐंशीच्या उंबरठ्यावर, २०२० मध्ये, त्याच्याहून बरेच तरुण अशा दोन निर्मात्यांबरोबर त्याची नवी तबकडी निघाली. ४ मार्च २०२५ रोजी तो न्यूयॉर्कमध्ये वारला.

वादनाच्या तराजूत हचरसनचे पारडे जड आहे आणि जॅक्सनचे त्याहून जड. यात मला संशय नाही. पण व्हायब्रफोन हे नावही ज्यांनी ऐकलेले नाही अशा माणसांच्या घरांत तो ज्याच्यामुळे वाजला, तो रॉय एअर्स. वाचकांनी जॅक्सनची एखादी संथ चीज आधी लावावी, मग हे उन्हाचे गीत, आणि दुसऱ्यात कंप नेमका कोठून येतो ते आपल्या कानांनी शोधावे.