चेंडू सांगणारा आणि खेळ उलगडणारा

मराठीतले क्रिकेट समालोचन म्हटले की माझ्या वयाच्या श्रोत्याला पहिले नाव आठवते ते बाळ ज. पंडित यांचे. ते महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळले होते आणि लेखकही होते. 2015 मध्ये ते गेले. हिंगोलीसारख्या गावात आम्ही मैदान पाहिले ते अशा आवाजांतूनच.

समालोचन हे एकच काम आहे, असे आपण धरून चालतो. खरे तर ती दोन कामे आहेत. एक जण चेंडूगणिक घडलेले सांगतो : गोलंदाज कुठल्या टोकाकडून निघाला, टप्पा कुठे पडला, चेंडू कोणी अडवला, धावा किती. दुसरा षटक संपल्यावर बोलतो : कर्णधाराने स्लिपमधला माणूस का हलवला. पहिल्याचे डोळे आणि जीभ एकाच वेगाने चालावी लागतात. दुसऱ्याला खेळ आतून ठाऊक हवा. शिवाय गोलंदाज धावू लागला की गप्प बसता यायला हवे. हे दुसरे फार थोड्यांना जमते.

1927 मध्ये बीबीसीने रग्बीचा सामना ऐकवला, तेव्हा मैदानाचे चौकोन पाडलेला नकाशा आधी छापला होता. टेडी वेकलॅम खेळ सांगत आणि शेजारचा सहकारी चौकोनाचा आकडा पुकारी. आपल्याकडे बॉबी तल्यारखान यांना मात्र शेजारी कुणी नको असे. 1934 पासून मुंबईच्या सामन्यांत ते एकटेच दिवसभर बोलत. थांबत ते जेवणाला आणि चहाला. 1948-49 मध्ये वेस्ट इंडीजचा संघ आला, तेव्हा आकाशवाणीने तिघांचा गट करायचे ठरवले. तल्यारखान यांनी माइकच सोडला! हट्टी माणूस, पण दोन्ही कामे एका गळ्याने निभावण्याची त्यांची ताकद मानलीच पाहिजे.

मराठीत अडचण आणखी निराळी. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. ‘फलंदाजाने तो चेंडू मिडऑफच्या डोक्यावरून सीमेपार मारला’ असे व्याकरणशुद्ध म्हणेपर्यंत पुढचा चेंडू पडायचा. म्हणून ‘पुढे सरसावला, मारला, चौकार!’ अशी तुटक वाक्ये आली. झेल, त्रिफळा, पायचीत हे शब्द अशा घाईत कामाचे. ‘गोलंदाज’ तर मूळचा तोफखान्यातला. त्यातला ‘अंदाज’ फारसी, म्हणजे फेकणारा. तोफेवरचा माणूस क्रिकेटच्या मैदानात आला आणि त्याच धाटणीवर फळीवरून ‘फलंदाज’ झाला. उर्दू-मराठी दोन्ही घरात बोलणाऱ्या माझ्यासारख्याला याची गंमत वाटते.

दूरचित्रवाणीवर चेंडू दिसतोच, म्हणून तिथे पहिल्या कामाची किंमत उतरली आणि माजी खेळाडूंच्या गप्पा वाढल्या. पण शिवारात हळद काढणारा माणूस पडद्याकडे बघत बसू शकत नाही. मोबाइलवर का होईना, त्याच्या कानाशी आवाजच असतो. फलंदाजाचे तंत्र त्याला नंतर कळले तरी चालेल. चेंडू कुठे गेला, ते आत्ता हवे.