बजबजचा ताग आणि कृत्रिम हिरवळीची पाठ

कृत्रिम हिरवळीचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा तिच्या पात्यांचाच विचार होतो. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरातील मोझेस ब्राउन शाळेत 1964 साली नायलॉनचे पहिले मोठे मैदान अंथरले गेले, 1966 साली ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या स्टेडियममुळे ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ हे नाव जगभर पोचले आणि 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी या पृष्ठभागावर आल्यानंतर ते भारतीयांच्याही परिचयाचे झाले. परंतु पाती ज्या कापडावर उभी राहतात त्या पाठीच्या कापडाचा इतिहास वेगळा व अधिक जुना असून, हिरवळ फाटली किंवा उसवली की दुरुस्ती करावी लागते ती मुख्यतः याच कापडाची. त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा हुगळी नदीकाठच्या ताग गिरण्यांच्या पट्ट्याकडे, आणि म्हणून बजबजकडे जातो.

कोलकात्याच्या दक्षिणेस, हुगळीच्या पूर्व तीरावर वसलेले बजबज इतिहासात येते ते बहुधा दोन प्रसंगांमुळे : डिसेंबर 1756 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या क्लाइव्हच्या सैन्याने घेतलेला येथील किल्ला, आणि 29 सप्टेंबर 1914 रोजी कॅनडाने परत पाठवलेल्या ‘कोमागाता मारू’ जहाजातून उतरलेल्या प्रवाशांवर झालेला गोळीबार. गावाचे रोजचे जीवन घडवले ते मात्र तागाने. 1855 साली जॉर्ज अ‍ॅकलंड याने स्कॉटलंडमधील डंडीहून यंत्रे आणून रिश्रा येथे भारतातील पहिली ताग गिरणी काढली. पुढे नदीच्या दोन्ही तीरांवर गिरण्यांची रांग उभी राहिली आणि 1870 च्या दशकापासून बजबजही त्या रांगेत आले. कच्चा ताग पूर्व बंगालमधून होड्यांतून येई, तयार माल नदीमार्गे बंदराकडे जाई, आणि गिरणीच्या कुली लाइनींत, म्हणजे मजुरांच्या चाळवजा वस्त्यांत, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा व आंध्रमधून आलेली कुटुंबे राहत.

तागाचा धागा काढण्याआधी त्याच्या राठ तंतूंवर तेल व पाणी यांचे मिश्रण शिंपडून ते काही काळ मुरू द्यावे लागतात. या क्रियेला गिरण्यांत ‘बॅचिंग’ म्हणतात. डंडीमध्ये त्यासाठी आरंभी देवमाशाचे तेल वापरत, नंतर खनिज तेल आले. बजबजच्या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खनिज तेलाच्या टाक्याही उभ्या होत्या. तागाचा पुढे ज्याने पराभव केला तो पदार्थ याच खनिज तेलाच्या कुळातला होता, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

गोणपाट आणि पोती हा या गिरण्यांचा जुना माल. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यात एका नव्या मालाची, गालिच्याच्या पाठीच्या कापडाची, भर पडली. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील डॉल्टन गावात 1895 साली कॅथरीन एव्हान्स या तरुणीने हाताने गुच्छ ओवलेली चादर बनवली आणि त्या गृहोद्योगातून कालांतराने यंत्रावर गुच्छ ओवण्याचे, म्हणजे ‘टफ्टिंग’चे, तंत्र वाढले. या पद्धतीत गालिचा विणला जात नाही. तयार कापडातून शेकडो सुया एकाच वेळी धागा आरपार नेतात, उलट बाजूस लॅटेक्सचा थर देऊन टाके पक्के करतात आणि त्यावर कापडाचा दुसरा थर चिकटवतात. दोन्ही थरांसाठी ताग सोयीचा होता, कारण तो मजबूत, स्वस्त व लॅटेक्स धरून ठेवणारा होता. अमेरिकन गालिचा बारा फूट रुंदीचा असल्याने साधे माग अपुरे पडू लागले, तेव्हा हुगळीकाठच्या गिरण्यांनी रुंद माग बसवले, आणि 1960 च्या दशकात ‘कार्पेट बॅकिंग’ हा भारताच्या ताग निर्यातीतील मोठा आधार बनला.

हा आधार फार काळ टिकला नाही. रसायनशास्त्रज्ञ ज्यूलिओ नात्ता यांनी 1954 साली इटलीत स्फटिकरूप पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक तयार केले, 1957 पासून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि थोड्याच वर्षांत त्याच्या पट्ट्या विणून गालिच्याची पाठ बनू लागली. ताग ओला झाला की फुगतो, वाळला की आकसतो आणि ओलीत राहिला तर कुजतो. पॉलिप्रॉपिलीनला यांपैकी काहीच होत नाही. त्यातच 1947 च्या फाळणीने पिकाचा मोठा प्रदेश आणि गिरण्या दोन देशांत विभागल्या गेल्या होत्या. त्यामुळे पुरवठा व भाव यांची खात्री ग्राहकाला देता येत नव्हती. तागाच्या पराभवाचे सारे खापर रसायनशास्त्रावर फोडणे म्हणूनच योग्य होणार नाही.

घराच्या अंगणात आज अंथरली जाणारी हिरवळ म्हणजे रचनेने हाच टफ्टेड गालिचा होय : पाती पॉलिइथिलीनची, पाठ पॉलिप्रॉपिलीनची, तिच्यावर लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा लेप आणि पाणी झिरपण्यासाठी भोके. तिची दुरुस्तीही गालिचा दुरुस्त करणाऱ्याच्या रीतीनेच होते. खराब तुकडा पाठीमागून, टाक्यांच्या दोन ओळींमधून कापून काढतात; त्याच मापाचा नवा तुकडा पात्यांचा कल जुन्या पात्यांशी जुळेल असा बसवतात; जोडाखाली रुंद पट्टी घालून तिच्यावर चिकटद्रव्य पसरतात आणि ते सुकल्यावर वाळू भरून पाती ब्रशने उभी करतात. वरून गोंद ओतून केलेली डागडुजी टिकत नाही, कारण तुटलेली असते ती पाठ. दबलेली पाती पुष्कळदा नुसत्या ब्रशने उठतात. परंतु उन्हाने ठिसूळ झालेली किंवा खिडकीच्या काचेवरून परावर्तित झालेल्या उन्हाने वितळलेली पाती बदलावीच लागतात. लेपच सुटू लागला असेल, तर ठिगळ लावण्यात अर्थ नाही.

ज्या कुजण्यामुळे ताग या हिरवळीच्या पाठीसाठी अपात्र ठरला, त्याच गुणामुळे खऱ्या हिरवळीच्या दुरुस्तीत तो उपयोगी पडतो. उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून तागाचे जाड, विरळ विणीचे जाळे अंथरून त्यात गवताचे बी पेरतात; मुळे माती धरेपर्यंत जाळे टिकते आणि नंतर मातीत मिसळून जाते. तरीही या उपयोगाची बाजारपेठ लहानच राहिली. 1987 च्या कायद्याने ठरावीक मालाच्या वेष्टनासाठी ताग सक्तीचा केला आणि हुगळीकाठच्या गिरण्या आज मुख्यतः सरकारी धान्यखरेदीसाठी लागणाऱ्या पोत्यांवर चालतात.